परत घे

ताईचं म्हणणं असं, की आवाज टिपायचा तर आधी खोली ऐकायला शिकावं, माणूस नंतर. माणूस काय, कुठेही बसवला तरी बोलतो. खोली मात्र कोणी न विचारता मध्ये मध्ये तोंड घालत असते. फ्रिज घरघरतो, तोटी गळते, वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची ओढतं, आणि आपल्या कानांना त्याची इतकी सवय झालेली असते की ते आपल्याला ऐकूच येत नाही. माइकला येतं. माइकला ना सवय असते, ना भीड.

हे ती शनिवारच्या वर्गात सांगायची. वर्ग म्हणजे तिच्याच घरातली पुढची खोली, सतरंजी, आणि ज्यांना स्वतःचं काहीतरी करायचं आहे पण कुठून सुरू करावं ते कळत नाही अशी मंडळी. कोणाला गोष्टी लिहून इंटरनेटवर टाकायच्या होत्या, कोणाला व्हिडिओ करायचे होते, कोणाला नुसतंच कोणीतरी सांगायला हवं होतं की तुम्हाला जमेल. ताई त्यांना जमेल असं सांगायची नाही. ती म्हणायची, करून आणा, मग बघू.

तिचा स्टुडिओ म्हणजे झोपायच्या खोलीतलं लाकडी कपाट. आतल्या फळ्या काढलेल्या, तिन्ही बाजूंना आणि दाराला आतून रजया ठोकलेल्या, खाली एक बुटकं स्टूल. कपाटात शिरून दार ओढून घेतलं की ताई घराला दिसेनाशी व्हायची आणि जगाला ऐकू यायला लागायची. नवरा पाणीखात्यात मीटर तपासायला होता. दिवसभर लोकांच्या घरातली अडगळ पाहून आलेल्या त्या माणसाला बायको कपाटात असल्याचं फारसं काही वाटायचं नाही. तो बाहेर बसून बूट काढायचा, तेही हळू.

दर आठवड्याला एक माणूस, असा तिचा इंटरनेटवरचा कार्यक्रम. नामवंत कोणी नाही. कुलपांची दुरुस्ती करणारा, शाळेच्या बसमधली बाई, दवाखान्यात रात्रंदिवस लिफ्ट वरखाली करणारा. अर्धा तास, स्वतःच्या कामाबद्दल, स्वतःच्याच तोंडून. पहिल्या वर्षी ऐकणारे म्हणजे ती, तिचा नवरा आणि ज्यांच्याकडून चुकून बटण दाबलं गेलं असे काही जण. पण बाई चिवट. ऐकणारे मोजत बसायचं नाही, ठरलेल्या दिवशी भाग टाकायचाच, मग पाऊस असो, पाहुणे असोत की अंगात ताप. पुढे कधीतरी लोक ऐकायला लागले. कुलूपवाल्याला रस्त्यात थांबवून लोक म्हणायला लागले, तुमचं ते ऐकलं हो. कुलूपवाला एवढा सुखावला की त्याने ताईच्या दाराचं न बिघडलेलं कुलूप दुरुस्त करून दिलं.

तिच्या वर्गातल्या सूचना अशा साध्यासुध्या असायच्या. माणसाच्या समोर बसू नका, शेजारी बसा. समोर बसलं की त्याला चौकशी वाटते. चहा आधीच पाजा, नाहीतर बशी वाजते. मतं विचारू नका, सकाळी दुकान उघडल्यावर हात आधी कुठे जातो ते विचारा. लिहिणाऱ्यांनी लिहिलेलं मोठ्याने वाचावं. जीभ जिथे अडखळते तिथे बहुतेक आपण थाप मारलेली असते. आणि विषय शोधत गावभर हिंडू नका, घरात बघा.

या सगळ्यात तिची लाडकी सूचना एकच. एखादं चांगलं वाक्य बाहेरच्या आवाजाखाली गेलं तर हळहळत बसायचं नाही. तिथल्या तिथे हात वर करायचा आणि म्हणायचं, परत घ्या. लाजायचं काय त्यात? पहिल्यांदा माणूस शब्द शोधत असतो, दुसऱ्यांदा ते त्याच्या हाताशी असतात, त्यामुळे दुसऱ्यांदा तो जास्तच छान बोलतो. हे तिने इतक्या वेळा सांगितलं होतं की वर्गात त्याची थट्टाच झाली होती. कोणाच्या हातून चहा सांडला की बाकीचे एका सुरात ओरडायचे, परत घ्या!

आता दादाबद्दल सांगायला हवं. ताईचा थोरला भाऊ, आणि गाद्यांचं दुकान हे त्याचं आयुष्य. दुकान वडिलांचं. पुढे गाद्या, मागे कापूस पिंजायचं यंत्र, त्याच्या मागे घर. लहानपणी ताई पिंजलेल्या कापसाच्या ढिगात बसून हाताला लागेल ते मोठ्याने वाचायची. औषधाच्या बाटलीवरची माहितीसुद्धा बातम्यांसारखी वाचायची. कापसात आवाज मऊ होतो, घुमत नाही, आपलाच आवाज आपल्याला परका आणि चांगला वाटतो, हे तिला तिथे कळलं. तिच्या तोंडाचा पट्टा कधी थांबायचा नाही म्हणून दादा तिला रेडिओ म्हणायचा. “आमचा रेडिओ उठला का?” “रेडिओला जेवायला वाढा, बॅटरी उतरली.” सगळी गल्ली तिला रेडिओच म्हणायला लागली, आणि तिला ते आवडायचं.

मग खरंच रेडिओकडून बोलावणं यायची वेळ आली. दुसऱ्या गावच्या केंद्रावर तिने आवाजाची चाचणी दिली होती, आणि ती चांगली झाली होती. निवड झाली तर फोन करू, असं तिथल्या माणसाने सांगितलं होतं. फोन दुकानात. त्या काळात वडील नुकतेच गेलेले, आई अंथरुणाला खिळलेली, आणि ज्या वयात मित्र चकाट्या पिटत होते त्या वयात दादाच्या खांद्यावर सगळं घर. ताई वाट बघत राहिली. शेवटी तिनेच केंद्रावर फोन लावला, तेव्हा पलीकडचा माणूस म्हणाला, “तुमच्या घरून कळवलं होतं की तुम्ही येणार नाही. जागा भरली आता.”

ती मागे गेली. दादा उशी भरत होता.

“फोन आला होता?”

“आला होता.”

“काय सांगितलंस?”

“सांगितलं.”

बस, एवढंच. ताई भांडली नाही, रडलीही नाही, मूग गिळून बसली आणि दुसऱ्या दिवसापासून गल्ल्यावर बसायला लागली. भांडली असती तर बरं झालं असतं, हे मी आपलं माझं मत सांगतो. भांडण निदान संपतं तरी. हे संपलं नाही. आई गेली, दादाचं लग्न झालं, ताईचं झालं, दोन्ही घरं एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर राहिली, पण दादा तिला पुन्हा कधी रेडिओ म्हणाला नाही. त्या शब्दाला तो हातच लावेना.

तसा तिच्यासाठी तो जीव टाकायचा. तिच्या घरातली प्रत्येक गादी त्याच्या हातची. तिने कपाटात बसून बोलायला सुरुवात केली हे कानावर आल्यावर तो एक दिवस मोजायची टेप घेऊन आला, न विचारता कपाट आतून मोजलं, न बोलता गेला, आणि आठवड्याने मापाच्या जाड रजया घेऊन आला. स्वतःच्या हाताने ठोकल्या. ठोकताना तोंडात खिळे होते, त्यामुळे बोलायचा प्रश्नच नव्हता. ताईला कळलं की हे नुसतं रजया ठोकणं नाही. पण रजईने तिचं समाधान होईना. आयुष्य शब्दांवर काढणारी बाई ती. तिला शब्द हवा होता. ‘चुकलं’ एवढा एक शब्द. तो मिळाला असता तर तिने पुढचं काही विचारलंही नसतं. तो कधीतरी येईल म्हणून ती वाट बघत होती, आणि वाट बघतेय हे तिने कोणालाही, नवऱ्यालाही, सांगितलं नव्हतं.

घोडं पुढे दामटलं ते वर्गातल्या झेरॉक्सवाल्याने. चाळिशीचा, मिशाळ, रोज हजारो पानं छापणारा आणि स्वतः एक पान लिहिताना घाम फुटणारा माणूस. एका शनिवारी तो म्हणाला, “ताई, विषय घरात बघा म्हणता. मग तुमचे गादीवाले दादा अजून का नाही आले कार्यक्रमात?”

वर्ग हसला. ताईही हसली. “तो कुठला बोलतोय,” म्हणाली. पण तिच्या डोक्यात ते बसलं. तिला वाटलं, शेजारी बसून, हातांबद्दल विचारत गेलं तर कोणीही बोलतं. कदाचित तोही बोलेल. आणि बोलता बोलता कदाचित तेही. हा हेतू तिने स्वतःशीसुद्धा नीट कबूल केला नाही.

कपाटात बसायला दादा तयार होईना. “मी शिवलेल्यात मलाच कोंडतेस काय?” म्हणाला. मग दुपारी, गिऱ्हाईक नसतं अशा वेळी, दुकानातच ठरलं. यंत्र बंद, पंखा बंद, वहिनी मागे स्वयंपाकघरात. चहा आधीच झाला. चहूबाजूंनी कापूस आणि गाद्या, म्हणजे खोली उत्तमच. धास्ती फक्त रस्त्याची. ताईने त्याच्या कॉलरला छोटा माइक लावला, हेडफोन कानांवर चढवला आणि त्याच्या शेजारी अर्धवट भरलेल्या गादीवर बसली.

हेडफोन चढवला की ताईचं काय होतं हे समजून घ्यायला हवं, कारण सगळं पुढचं त्यावर आहे. बाहेरचं जग बंद होतं आणि आतलं दसपट मोठं होतं. समोरच्याचा श्वास, जिभेची टकटक, कॉलरची खसफस. त्या वेळी ती माणसाचं बोलणं ऐकत नसते, त्याचा आवाज ऐकत असते. डोळे रेकॉर्डरच्या लहानशा पडद्यावर आवाजाबरोबर उड्या मारणाऱ्या रेघेवर. काय बोलला ते नंतर निवांत ऐकायचं असतंच की. तिला याचा अभिमान होता. वर्गात ती म्हणायची, कानाने पहारा द्या, डोकं नंतर वापरा.

दादा आधी आखडला. मग हातात सुई दिल्यावर सैल झाला. कापूस कसा ओळखायचा, गादीचे कोपरे आधी का भरायचे, जुन्या गाद्या उसवल्या की आतून काय काय निघतं, असं बोलत गेला. “चांगली गादी झाली की गिऱ्हाईक वीस वर्षं तोंड दाखवत नाही,” म्हणाला. “वाईट झाली की रोज येतं. म्हणून गल्लीत जास्त ओळखी कोणाच्या, तर वाईट गादीवाल्याच्या.” ताईने हसू दाबलं. रेघ सुंदर चालली होती.

मग तो फोनवर आला. “तेव्हा सगळ्या गल्लीत फोन आमच्याकडेच. कोणाचं बाळंतपण, कोणाची बदली, सगळे निरोप इथून जायचे. मी कापूस भरता भरता उचलायचो. रिसिव्हरच्या भोकांत कापूस बसायचा.” इथे त्याचा आवाज खाली आला. बोलण्याची गती तीच, नजर टाक्यावरच. ताईला वाटलं, छान, आता जवळून बोलतोय. आणि नेमका त्याच वेळी बाहेर कोणीतरी टेम्पो मागे घ्यायला लागला. हॉर्न. सलग, दाबून धरलेला. रेघ एकदम टोकाला जाऊन आपटली. ताईचं सगळं लक्ष तिकडे गेलं: आता थांबेल, आता थांबेल. थांबला. दादाही नेमका तेव्हाच बोलायचा थांबला होता.

तिने हात वर केला. “थांब दादा. ते आत्ता बोललास ना, ते परत घे.”

त्याने मान वर केली. “परत घेऊ?”

“हो. परत घे.”

तो तिच्याकडे बघत राहिला. तिने त्याला दोन बोटांनी ‘चालू दे’ अशी खूण केली, डोळे पडद्यावर. 

“बरं,” दादा म्हणाला. सुई पुन्हा कापडात घातली आणि म्हणाला, “तर उशीचं असं आहे, की उशीला कापूस कधी दाबून भरायचा नाही.”

ताईला वाटलं, धागा सुटला याचा. असं होतं, लोक भरकटतात. फोनचा तुकडा आहे तेवढा पुरे. ती उशीचं ऐकत राहिली. निघताना तिने त्याच्या कॉलरचा माइक काढला तेव्हा त्याने मान दुसरीकडे वळवली होती. दारापर्यंत सोडायला तो नेहमी यायचा, त्या दिवशी आला नाही. काम पडलं असेल, असं तिने धरलं.

पुढचे काही आठवडे हाती घेतलेले दुसरे भाग होते. दादा एरवी दोन-चार दिवसांनी जाता जाता डोकावायचा, तो फिरकला नाही. वहिनीला फोन केला तर ती ‘आहे, बरं आहे, ठेवते’ इतकंच. ताईने कानाडोळा केला. कामात गळ्यापर्यंत बुडालेल्या माणसाला घरच्यांचं गप्प बसणं सोयीचंच वाटतं.

अखेर एका दुपारी ती दादाची फाइल घेऊन कपाटात बसली. पहिल्यापासून ऐकत, खाकरणं कापत, फोनपाशी आली. हॉर्न आला. ती तुकडा उडवणार, तेवढ्यात तिला हॉर्नखाली काहीतरी हललेलं वाटलं. तिने मागे नेऊन पुन्हा ऐकलं. मग आवाज वाढवून, डोळे मिटून.

“...तुझा तो फोन मीच घेतला. त्याला म्हटलं, ती येणार नाही. तुला विचारलं नाही. चुकलं माझं. तेव्हाच चुकलं होतं, कळतही होतं.”

आणि लगेच, खणखणीत, हॉर्नशिवाय, तिचा स्वतःचा आवाज: “थांब दादा. ते आत्ता बोललास ना, ते परत घे.”

ताईला आधी आनंद झाला, हे खरं आहे आणि ते सांगायलाच हवं. इतका आनंद की ती कपाटात एकटीच हसली, मग रडली, मग तोंडावर रजई दाबून दोन्ही एकदम. बोलला! शेवटी बोलला! तिने ते कितीदा तरी ऐकलं. आणि रडता रडताच तिच्या डोक्यात आलं की हा आपला सर्वांत चांगला भाग होईल. हातही त्याप्रमाणे चालायला लागले. हॉर्न काढता आला तर? तिने हॉर्न खाली आणायची सगळी बटणं फिरवली. पण हॉर्न आणि दादा एकमेकांत असे गुंतले होते की हॉर्न खाली आणला की दादाचा आवाज डब्यातून आल्यासारखा पोकळ व्हायचा. आणखी खाली आणला तर ‘चुकलं’मधला ‘च’ गेला. हॉर्न जाईना आणि दादा जायला लागला. तेव्हा कुठे तिला स्वतःची शरम वाटली आणि तिने सगळं होतं तसं करून ठेवलं.

मग तिला प्रश्न पडला की ‘परत घे’ म्हटल्यावर तो उशीवर का गेला. लाजला असेल. बिचारा एकदा बोलला, दुसऱ्यांदा धीर झाला नसेल. तिने वहिनीला फोन लावला, सगळं उलगडून सांगायला.

वहिनीने तिला पुरतं बोलूच दिलं नाही. “वन्सं, मी मध्ये पडणार नव्हते. पण आता तुम्हीच विषय काढलात म्हणून बोलते. त्यांनी चूक केली, मी नाही म्हणत नाही. पण इतक्या वर्षांनी तो माणूस तोंड उघडून चुकलं म्हणतो, आणि तुम्ही त्यांना म्हणता, शब्द परत घे? मी आत उभी होते, ऐकलं मी. एकदा नाही, दोनदा म्हणालात. त्यांनी विचारलं सुद्धा, परत घेऊ का म्हणून. तुम्ही म्हणालात, हो, घे.”

आपल्या धंद्याचा शब्द आपल्यापुरता असतो, बाहेर त्याच शब्दाने लोकांची डोकी फुटतात, हे इतरांना शिकवणाऱ्या बाईला सुचलं नव्हतं. सगळी गल्ली भांडताना एकमेकांना शब्द परत घे म्हणते. दादाला त्याचा दुसरा अर्थ कुठून माहीत असणार? माफी मागितली, बहिणीने वर हात करून थांबवलं आणि मागितलेली माफी परत घ्यायला लावली. त्याने घेतली. ‘बरं’ म्हणाला आणि उशीबद्दल बोलत राहिला. आपल्याच सूचनेने आपलं घर बुडवलं, असं तिला वाटलं, आणि त्यात काही फार चुकीचं नव्हतं.

“वहिनी, तसं नव्हतं हो,” ती म्हणाली. “मी येते. मी आत्ता येते.”

तिने हेडफोन घेतला नाही, फोन घरीच ठेवला. पायात नवऱ्याच्या चपला होत्या हे तिला अर्ध्या रस्त्यात कळलं. दुकानात दादा एका मोठ्या गादीच्या कडेला बसून काठ शिवत होता. तिला पाहून त्याने पायाने स्टूल पुढे सरकवलं. बसली ती, शेजारीच.

“दादा, मला तुला काहीतरी सांगायचंय. त्या दिवशी मी शब्द परत घे म्हणाले नाही.”

“जाऊ दे ना ते.”

“जाऊ कसं देऊ? ऐक. आमच्या कामात परत घे म्हणजे पुन्हा बोल. पुन्हा एकदा म्हण, नीट टिपून घेते, एवढंच. मी सगळ्यांना तसंच म्हणते. मी तुला माफी परत घे म्हणेन का रे? मी वाट बघत होते तिची. किती वर्षं वाट बघत होते.”

दादाची सुई थांबली. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. जीव भांड्यात पडावा तसा त्याने मोठा श्वास सोडला. “म्हणजे पुन्हा म्हण? हात्तिच्या! आणि मी इथे... हिला विचार, किती दिवस जेवण गेलं नाही मला.” तो मोठ्याने हसला. “अगं ए, ऐकलंस का? पुन्हा म्हण असं म्हणत होती ती!” आत भांड्यांचा आवाज थांबला.

ताईही हसली, डोळे पुसले. “मग आता म्हण. आता काही लावलेलं नाही, बघ, हात रिकामे आहेत. मी नुसती बसलेय.”

दादाने काठाच्या कापडावरून अंगठा फिरवला. “आता काय म्हणू,” तो म्हणाला. “ते तेव्हा बोलता बोलता निघालं. ठरवून नाही येत ग मला.” मग त्याने विचारलं, “पण पुन्हा कशाला म्हणायला लावत होतीस?”

“हॉर्न आला ना मध्ये. टेम्पोचा.”

“हॉर्न? कधी?”

“तू बोलत होतास तेव्हाच. केवढा मोठा होता!”

“मला नाही ऐकू आला,” दादा म्हणाला. जन्मभर त्या रस्त्यावर बसलेल्या माणसाने आठवून पाहिलं, मान हलवली. “नाही बुवा.” मग तो मनाशी काहीतरी जुळवायला लागला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नव्हतं, पण आता ते नुसतंच तिथे राहिलं होतं.

“म्हणजे मी काय म्हणालो, ते तुला तेव्हा कळलं नव्हतं.”

इथे ताईला खोटं बोलता आलं असतं. आवाज कसा लावायचा हे तिच्याइतकं कोणाला माहीत? पण तिने होकारार्थी मान हलवली.

“मी समजलो, तू रागावलीस,” दादा म्हणाला. “हिला तेच सांगितलं मी. म्हटलं, तिने ऐकून घेतलं आणि नाही म्हणाली. तिचा हक्क आहे. जेवण जात नव्हतं, पण मनात म्हटलं, चला, बोलून तरी झालं, तिच्यापर्यंत पोचलं तरी.” त्याने सुई कापडात टोचून ठेवली आणि तिच्याकडे वळला. रागाने नाही, एखादी गोष्ट खरंच कळून घ्यायची असावी तसं त्याने विचारलं:

“मग मी एवढं बोलत होतो, तेव्हा शेजारी बसून तू ऐकत काय होतीस?”

“हॉर्न,” ताई म्हणाली.